सतरा नंबरची कॅसेट

१

सतरा नंबरच्या डब्यात कॅसेट होती, फक्त ती सतरा नंबरची नव्हती.

डिंपल लांजेवारनं तो डबा गोदावरीबाईंच्या पुढ्यात आदळला, तेव्हा त्या नवऱ्याला पेज भरवत होत्या. खुशालरावांना पक्षाघात होऊन सहा वर्षं झाली होती. उजवं अंग गेलं आणि बोलण्यातले दोनच शब्द उरले, ‘हो’ आणि ‘नाही’. त्यामुळे त्यांना काय हवं ते गोदावरीबाईंना प्रश्न विचारत विचारत शोधावं लागे. ऊन लागतंय का? नाही. कूस बदलायची? नाही. पाणी? हो. मग उशाशी ठेवलेल्या गडव्यातून पाणी. असं दिवसभर. रात्री पाठ टेकली तरी डोक्यात प्रश्न चालूच राहत.

“मावशी, चोरी झाली,” डिंपल म्हणाली. “बाबांची कॅसेट कोणीतरी नेली अन् त्या जागी कोरी ठेवून दिली. म्हणजे माझ्या लक्षात येऊ नये.”

“बस आधी.”

“बसायले वेळ नाही. रविवारी कार्यक्रम आहे.”

मोहाडीत तो कार्यक्रम माहीत नव्हता असं घर नव्हतं. डिंपलचे वडील भैय्यालाल लांजेवार यांनी सत्त्याण्णव साली गावात केबल आणली आणि दर रविवारी स्वतःच एक खेळ दाखवायला सुरुवात केली. नाव ठेवलं ‘पोटातलं ओठावर’. मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत तीन जाणकार बसायचे. समोर एक पाहुणा यायचा आणि आपलं गुपित भैय्यालालच्या कानात सांगायचा. भैय्यालाल ते पाटीवर लिहून कॅमेऱ्याला दाखवायचा. घरी बसलेल्यांना कळायचं, जाणकारांना नाही. मग दहा प्रश्न. पाहुण्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं.

त्या तिघा जाणकारांपैकी दोघं आता हयात नव्हते. तिसऱ्या होत्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई गोदावरी निंबार्ते. सातव्या-आठव्या प्रश्नाला त्या पाहुण्याला पकडायच्या. ‘नर्सबाईपुढं गुपित टिकत नाही,’ असं बाजारात लोक म्हणत. आता त्यांचं वय एकोणसत्तर होतं, आणि कुणाचं गुपित ओळखावं असं त्यांना फार दिवसांत वाटलं नव्हतं.

“भैय्यालाल जाऊन तीन वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “जुन्या कॅसेटी कोण कायले नेईल?”

“मी त्या मोबाईलवर टाकून राहिली ना. हजारो लोक पाहतात. रविवारी जुने सगळे पाहुणे येणार, मोठ्या पडद्यावर दाखवणार. अन् सतरा नंबरमध्ये वीरेंद्रभाऊ आहेत. ते उभे आहेत नगरपंचायतीले. समजलं?”

“मग त्यांनाच विचार.”

“ते स्वतः थोडी हात घालतील? कपाटाची एक चावी घरात असते, दुसरी एकाच माणसापाशी आहे. केवळरामकाका.” केवळराम म्हणजे भैय्यालालचा कॅमेरेवाला. डिंपल त्याच्या सायकलवर बसून शाळेत गेली होती. “उद्या दुपारपर्यंत कॅसेट आली नाही तर मी ठाण्यात तक्रार देते. आई नको म्हणते. पण मी देते.”

गोदावरीबाईंनी पेजेची वाटी खाली ठेवली. केवळराम सत्तरीचा, दम्याचा. ठाण्याच्या बाकावर तो दोन तासही बसू शकला नसता.

“यांच्यापाशी शेजारणीले बसवते,” त्या थकून म्हणाल्या. “चल, कपाट दाखव.”

२

कपाट लांजेवारांच्या पुढच्या खोलीत होतं. तीसेक डबे ओळीनं लावलेले. शेजारी मेजावर जुना टीव्ही आणि केवळराम दुरुस्त करून देऊन गेलेला व्हीसीआर. कुलूप फोडलेलं नव्हतं, कुठं ओरखडा नव्हता.

शकुनबाई, डिंपलची आई, पाणी घेऊन आली. पंचावन्नची असेल, पण चालताना भिंतीला हात लावत होती.

“कायले एवढ्या दूर आले, नर्सबाई? तुमचे गुडघे...” ती म्हणाली. “एक कॅसेट गेली त गेली.”

“आई, तू थांब ना,” डिंपल म्हणाली.

गोदावरीबाईंनी वही मागितली. भैय्यालालला सगळं लिहून ठेवायची सवय होती. सतरा नंबरच्या पानावर जानेवारी अठ्ठ्याण्णवची तारीख आणि तीन नावं होती. वीरेंद्र. सीताबाई. डोमा, ढिवर टोली. तिसऱ्या नावापुढं लाल शाईत लिहिलं होतं, ‘दाखवायचे नाही.’

“त्या रविवारी मी नव्हते,” त्या आठवून म्हणाल्या. “पोलिओची ड्यूटी होती. पहिले दोन पाहुणे नंतर घरी टीव्हीवर पाहिले. हा तिसरा कधी दिसलाच नाही. डिंपल, कॅसेट शेवटची कधी पाहिली तू?”

“दसऱ्याले यादी केली तेव्हा होती. मग आठ दिवस मी नागपूरले गेली. परत आल्यावर सतरा काढली, तर कोरी.”

“जाताना मशीनमध्ये काही ठेवलं होतं?”

डिंपल विचारात पडली. “सोळा नंबर. अर्धी झाली होती. आल्यावर ती बाहेर होती, डब्यात घातलेली. मले वाटलं, केवळरामकाकांनी मशीन तपासायले काढली असेल.”

चोर येतो, उचलतो, निघून जातो. इथं मात्र कुणीतरी मशीनमधली कॅसेट काढली होती, म्हणजे दुसरी घातली होती. बसून पाहिली होती. ज्याला एवढी सवड मिळाली, त्याला दाराची भीती नव्हती.

“त्या आठ दिवसांत घरी कोण आलं होतं, शकुन?”

“कोनी नाही.” शकुनबाईनं रिकामा पेला उचलला. मग घाईनं म्हणाली, “वीरेंद्र आला होता. चहा घेतला अन् गेला.”

डिंपल ताडकन उठली. “अन् हे तू मले आज सांगून राहिली?”

३

वीरेंद्र कारेमोरे बसस्टँडसमोरच्या प्रचाराच्या मंडपात खुर्चीवर बसून पाय चोळत होता. मागं त्याचाच फोटो लावलेला. दिवसभर दारोदार फिरून त्याचा आवाज बसला होता.

“बसा, नर्सबाई. मले माहीत आहे कायले आल्या. डिंपलनं गावभर केलं, मी कॅसेट पळवली म्हणून.”

“पळवली का?”

“दहा प्रश्न नाही विचारणार?” तो हसला. “माझं गुपित आठवते तुम्हाले?”

आठवत होतं. बावीस वर्षांचा वीरेंद्र कॅमेऱ्यासमोर बसला होता आणि पाटीवर लिहिलं होतं, ‘दहावीत सहा वेळा नापास, आणि सहाही वेळा पास झालो सांगून पेढे वाटले.’

“सगळ्या मोहाडीनं पाहिलं ते,” वीरेंद्र म्हणाला. “पानठेल्यावर अजून मले सहा नंबर म्हणून हाक मारतात. आता मी कॅसेट लपवून कोणापासून लपवू? उलट मी तर मागायले गेलो होतो. त्या तुकड्यावर प्रचार करणार होतो मी. सहादा पडला पण पळाला नाही, असं. वहिनी म्हणाल्या, पोरगी आली की देईल. बस.”

त्याच्या बोलण्यात खोट दिसत नव्हती. जे गुपित रविवारी सकाळी चार हजार घरांनी पाहिलं, ते चोरून कुणाला काय मिळणार? हा हिशेब गोदावरीबाईंनी वाटेतच करून ठेवला होता. सीताबाईचंही तेच. नऊ वर्षं मिशा लावून नाटकात खलनायक झालेली बाई, आणि सासरच्या गावाला पत्ता नव्हता. पण तिचाही भाग सगळ्यांनी पाहिलेला. परवाच तिनं डिंपलला फोनवर झापलं होतं, माझी कॅसेट शोध, नाती येणार आहेत पाहायला.

उरला तो तिसरा, कुणीच न पाहिलेला.

“गेलास तेव्हा शकुन काय करत होती?” त्यांनी उठता उठता विचारलं.

“काही नाही. टीव्हीपुढं बसून होती. पण टीव्हीवर काहीच नव्हतं, नुसता निळा पडदा. मी दोनदा वहिनी म्हटलं तेव्हा मागं पाहिलं. मले वाटलं, ताप असेल.”

गोदावरीबाई खुर्चीची पाठ धरून तशाच उभ्या राहिल्या.

४

केवळराम घरी नुकताच पोचला होता. पिशवी अजून दारातच होती. अंगाला धानाचा भुसा.

“दसऱ्यापासून अड्याळले होतो जी, पोरीकडं,” तो धापा टाकत म्हणाला. “जावयाच्या धानाची कापणी. आज मोहाडीत पाय ठेवला अन् पानवाल्यानं सांगितलं, केवळराम, तुले ठाण्यात नेणार. मी? भैय्यालालच्या घरात?” त्यानं कमरेची चावी सोडली आणि त्यांच्या हातात दिली. “घेऊन जा. तिले द्या. म्हणा, काकानं सायकलवर शाळेत नेलं तुले.”

“केवळराम, ती चावी ठेव. मला एवढंच सांग, त्या दिवशी तिसरा पाहुणा आला होता, डोमा. काय झालं होतं?”

केवळरामनं बराच वेळ दम घेतला.

“डोमा ढिवर. त्याचं गुपित होतं, नदीतून अकरा मानसं जिती काढली. कोनाले ओळखता नाही आलं, तुमी नव्हत्या ना. दहा प्रश्न सरले. मंग भैय्यालालनं पाटी दाखवली, टाळ्या झाल्या. मंग विचारलं, अकरापैकी एखाद्याची गोष्ट सांग. तो सांगू लागला. एक बाई होती म्हणे, तिनं वचन घेतलं हाय, नाव नाही सांगत. नाव मलेच माहीत नाही म्हणे. पण मंग तिनं मले एक वस्तू आणून देल्ली. अन् दुपट्ट्यातून काढून भैय्यालालच्या हातात देल्ली.”

“कसली वस्तू?”

“स्टीलचं काहीतरी. भैय्यालालनं फिरवून पाहिलं. अन् एकदम म्हणे, बंद कर रे, लाइन गेली.”

“गेली होती?”

“कुठं जी! डोक्यावर पंखा फिरत होता.” केवळरामनं वर बोट दाखवलं, जणू तो पंखा अजून तिथं होता. “मी कॅमेरा बंद केला. भैय्यालाल डोमाले घेऊन मागच्या दारानं बाहेर गेला. परत आला त डोळे लाल. कोनाले काही बोलला नाही. तीन महिन्यांत कार्यक्रमच बंद केला. लोक म्हणतात, नागपूरचे चॅनल आले म्हणून. मले नाही वाटत.”

“डोमा जिवंत आहे?”

“हाय. दिसत नाही त्याले धड. पण हाय.”

५

ढिवर टोलीला, नदीकाठच्या मासेमारांच्या त्या वस्तीला, एस.टी. जात नव्हती, फाट्यावर सोडत होती. पुढं अर्धा कोस चालणं. दुसऱ्या दिवशीचं सकाळचं ऊन अंगावर येत होतं आणि दोन्ही बाजूंच्या बांध्यांमध्ये कापलेला धान पडलेला होता. गोदावरीबाई दोनदा बांधावर बसल्या. हे आपण कशासाठी करतोय, असं त्यांनी दोन्ही वेळा स्वतःला विचारलं, आणि दोन्ही वेळा उठल्या.

डोमा अंगणात जाळं विणत बसला होता. डोळे पांढुरके, पण बोटं झरझर चालत होती.

“टीवीवाल्या बाई का?” आवाजावरून त्यानं ओळखलं. “तुमी त त्या दिवशी नव्हत्या.”

“नव्हते. म्हणून आज आले. डोमाजी, ती बाई कोण होती?”

“नाही सांगत जी. वचन देल्लं हाय.”

“नाव नका सांगू. मी विचारते, तुम्ही फक्त हो-नाही म्हणा.”

म्हाताऱ्यानं जाळं मांडीवर ठेवलं. “त्या सायबानंबी तेच शिकवलं होतं. विचारा.”

“तुम्ही काढलंत तेव्हा ती एकटी होती?”

“नाही.”

“सोबत लेकरू होतं?”

“हो.”

“अगदी लहान? पाळण्यातलं?”

“हो.”

“तिचा पाय घसरला होता?”

म्हाताऱ्यानं मांडीवरचं जाळं बाजूला सारलं. “नाही,” डोमा म्हणाला. मग हो-नाहीचा खेळ मोडून आपणच बोलू लागला. “पहाटचं जाळं काढाले गेल्तो. ती चालत चालत पान्यात गेली. आवाज नाही, रडनं नाही, काहीच नाही. झोपेत चालल्यावानी. मी वराडलो त मागं नाही पाह्यलं. दोघीईले काढलं. शेकोटी करून बसवलं. मंग ते पोर रडलं, अन् ती बाई बी रडली. म्हणे, कोनाले सांगू नोको दादा. मी म्हटलं, नाही सांगत. दोन महिन्यानं एकदा आली अन् गडवा देऊन गेली. त्यावर काहीतरी लिवलं हाय. मले वाचता नाही येत.”

“त्या दिवशी साहेबांच्या हातात तोच दिला होता?”

“हो. खरं सांगतो हे पटावं म्हणून. मंग सायबानं मले मागं नेलं अन्...” तो थांबला. “माया पाया पडला जी. येवढा मोठा मानूस. मी ढिवर. मले लाजल्यावानी झालं. म्हणे, हा गडवा कोनाले दाखवू नोको. मंग नाही दाखवला.”

“साहेब वारले, डोमाजी.”

“ऐकलं. मंग पाहा तुमी.”

सुनेनं आतून गडवा आणून दिला. गोदावरीबाईंनी चष्मा काढायला पर्समध्ये हात घातला आणि तसाच ठेवला. चष्म्याची गरज नव्हती. अगदी असाच गडवा खुशालरावांच्या उशाशी होता. बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईंना त्या घरानं मानानं दिलेला. त्यांनी काठाखालच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. ‘चि. डिंपलच्या बारशानिमित्त, लांजेवार परिवार, मोहाडी. ऑक्टोबर ९४.’

त्यांना ते घर आठवलं. बारशानंतर तीन वेळा त्या तिथं गेल्या होत्या. पोरीला टोचलं होतं, काट्याला लावून वजन घेतलं होतं, कार्डावर लिहिलं होतं. बाजूला खाटेवर शकुन भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. बाळंतीण आहे, थकली असेल, असं म्हणून त्या पुढच्या घरी जायच्या. पुढं अजून नऊ घरं असायची.

“काय लिवलं हाय जी त्यावर?” डोमानं विचारलं.

“एका पोरीचं नाव.”

“जगली का ते पोर?”

“जगली. मोठी झाली. शिकली.”

“मंग बरं झालं,” म्हातारा म्हणाला आणि त्यानं जाळं पुन्हा उचललं.

६

गोदावरीबाई लांजेवारांकडं परतल्या तेव्हा अकरा वाजले होते. डिंपल मंगल कार्यालयात पडदा लावून घ्यायला गेली होती. शकुनबाई स्वयंपाकघरात सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. त्यांना पाहून तिचे हात थांबले.

“गेल्त्या तिकडं,” ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

“गेले होते.”

“मंग आता काय विचारता? विचारा. दहा प्रश्न.”

गोदावरीबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली.

“एकच विचारते. तीस वर्षांपूर्वी विचारायचा राहिला तो. तू कशी आहेस, शकुन?”

शकुनबाईनं मान खाली घातली. तांदळातला एक खडा तिनं उचलला, पाहिला, बाजूला ठेवला.

“तवा विचारलं असतं त मी बरी हाय म्हटलं असतं,” ती म्हणाली. “घरात कोनी वाईट नव्हतं, नर्सबाई. मारत नव्हतं. पोरगी झाली म्हणून कोनी टाकून बोललं नाही. हे त पेढे वाटत फिरले. तरी मले पोरीकडं पाहिलं की काहीच वाटत नव्हतं. दगडावानी. झोप नव्हती. दिवस-रात एकच. वाटे, मी नसली त चालेल, अन् मी नसली त हिले कोन पाहील, म्हणून हिलेबी... असं डोकं चालत होतं. कोनाले सांगू? काय सांगू?”

“चुकलं माझं. मी पोरीचं वजन घेतलं, तुझ्याकडं पाहिलंच नाही.”

“कोनीच नाही पाहिलं. तुमचा एकटीचा दोष नाही तो.”

गोदावरीबाईंनी विचारलं, “भैय्यालालला माहीत आहे हे तुला कधी कळलं?”

आता शकुनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

“दसऱ्यानंतर. डिंपल म्हणे, सतरा नंबरमध्ये एक पाहुणा आहे, बाबांनी दाखवलाच नाही, तोच सगळ्यात आधी दाखवू. मी वहीत डोमादादाचं नाव पाहिलं. ती नागपूरले गेली तशी मी ते मशीन लावलं. वाटलं होतं, डोमादादानं नाव घेतलं असन. नाव त नव्हतं. पन गडवा होता. अन् ह्यांचं तोंड होतं.” ती पदरानं डोळे पुसत राहिली. “वाचताना तोंड कसं झालं ते दिसते त्यात. मंग म्हणतात, बंद कर रे. संपलं. चोवीस वर्षं हे माया बाजूले झोपले, नर्सबाई, अन् एका शब्दानं म्हटलं नाही.”

“कधी काही जाणवलं नाही?”

“त्या जानेवारीपासून सकाळचा चहा हेच करत. मले नदीवर एकटीले जाऊ देत नव्हते. कार्तिकातबी सोबत येऊन काठावर बसत. मी समजली, कार्यक्रम बंद झाला, धंदा बसला, म्हणून घरात लक्ष घालतात. मी चिडत होती त्याच्यावर! म्हणे, जा ना जी कुठं मानसात.”

“कॅसेटीत नाही ते एक सांगते,” गोदावरीबाई म्हणाल्या. “कॅमेरा बंद झाल्यावर त्यानं डोमाला मागच्या दारी नेलं. आणि त्याच्या पाया पडला.”

शकुनबाईनं तोंडाला पदर लावला. सुपातले तांदूळ थरथरले. गोदावरीबाई तशाच बसून राहिल्या. अशा वेळी काही बोलायचं नसतं, एवढं त्या नोकरीत शिकल्या होत्या.

“तोडून टाकणार होती मी ती कॅसेट,” शकुनबाई शेवटी म्हणाली. “दोनदा पाटा उचलला. पन त्यात हे आहेत ना. डब्यात कोरी घातली अन् ही कोठीत धानाखाली ठेवली. मले काय माहीत, पोरगी केवळरामभाऊचं नाव घेईल. दोन दिवस अन्न गेलं नाही मले. पन सांगू कसं? ज्या पोरीले घेऊन मी पान्यात गेली, तिलेच?”

“मी सांगणार नाही. पण दुपारी ती ठाण्यात जाणार आहे.”

दारात चपला वाजल्या.

“मावशी, आल्या तुम्ही?” डिंपल आत येत म्हणाली. “सापडला चोर?”

गोदावरीबाई भिंतीला धरून उठल्या. “सापडली कॅसेट. घरातच आहे. बाकीचं तुझी आई सांगेल, तिला सांगायचं असेल तर.” आणि शकुनबाईकडं न पाहता त्या ओसरीवर येऊन बसल्या.

७

आत आधी शकुनबाईचाच आवाज येत होता, एकसुरी, हळू. मग कोठीचं झाकण सरकल्याचा आवाज आला. मग डिंपल ओरडली, “मले कायले घेतलं सोबत? मले कायले?”

रस्त्यावरून धानाचा ट्रॅक्टर गेला. प्रचाराची गाडी भोंगा वाजवत गेली. गोदावरीबाईंना घरी जायला हवं होतं. खुशालराव शेजारणीला हो-नाही करून दमले असतील. पण त्यांना उठवेना.

तासाभरानं डिंपल बाहेर आली. चेहरा सुजलेला. येऊन पायरीवर बसली.

“मले राग आला, मावशी. अजून आहे.”

“येणारच.”

“मी नाही नाही ते बोलली तिले. ती ऐकून घेत होती नुसती. मग मले बोलायले काही उरलंच नाही.” तिनं नाक पुसलं. “बाबांना माहीत होतं, त्यांनीही नाही सांगितलं. सगळ्यांनी मिळून मले काही नाही सांगितलं.”

गोदावरीबाई सरकून तिच्याजवळ पायरीवर आल्या.

“ती लय थकलेली दिसते ना, मावशी? रोज पाहते मी तिले, मले दिसलंच नाही.”

“आता काय करते ती?”

“झोपली.” डिंपलला स्वतःलाच ते नवल वाटत होतं. “मी विचारलं, आई, तुले नीट झोप लागून किती वर्षं झाली? तर बोटावर मोजून राहिली. एक एक साल आठवून. अन् मोजता मोजताच डोळे मिटले. बसल्या जागी.”

ती उठली आणि पायात चपला सरकवल्या. “केवळरामकाकाकडं जाते. माफ करतील का, माहीत नाही. रविवारी पहिले दोन पाहुणे दाखवू, तिसऱ्याचं आईनं ठरवावं. मी येईपर्यंत तुम्ही बसता का तिच्यापाशी?”

“जा. सावकाश ये.”

डिंपलची गाडी वळणापलीकडं गेली. गोदावरीबाई आत गेल्या. शकुनबाई भिंतीला टेकून झोपली होती, तोंड थोडं उघडं, एका हाताची तीन बोटं अजून मिटलेली. गोदावरीबाईंनी तिच्या मांडीवरचं सूप अलगद काढून घेतलं, डोक्यामागं घडी केलेली गोधडी सरकवली आणि उरलेले तांदूळ निवडत तिच्या शेजारी बसल्या.